बेंबी सरकलीय, असं मी म्हणाले

हे माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, देवाजवळही नाही — देवाला ठाऊकच असणार, म्हणून तिथे मी नुसते हात जोडून परत येते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हांला सांगतेय. ओळखत असतात तर जीभ उचललीच नसती.

आधी तात्यांचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. तात्या म्हणजे माझे वडील, कल्याणचे हाडवैद्य. झाडावरून पडलेला, बैलाने उडवलेला, गाडी उलटून चेंगरलेला — सगळे आमच्या ओसरीवर यायचे. आई लवकर गेली, तेव्हा पट्ट्या धरायला मीच. हात चालायचे आणि तोंडही चालायचं तात्यांचं. ओरडतोय त्याची काळजी नको, म्हणायचे, गप्प बसलाय त्याच्याकडे बघ. डोक्याला मार लागलेला माणूस हसत घरी गेला आणि दुपारी पेंगायला लागला, ओकायला लागला, तर त्याला एकटं सोडू नकोस. आणि पोटाचा मार? तो वरून दिसत नाही. दोन-दोन दिवस दिसत नाही. आमच्या खाडीकाठी हिवताप फार, त्या तापाने पानथरी वाढते, डाव्या बरगडीखाली दगडासारखी हाताला लागते. अशा माणसाला तर फार जपायचं. खांद्याला काही झालेलं नसताना डावा खांदा दुखू लागला, ओठ पांढरे पडले, उठताना घेरी आली, की समजायचं — आत फुटलंय. मग हलवायचं नाही, आणि चोळायचं तर मुळीच नाही. हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं.

यमू माझी धाकटी बहीण. तिला हा ताप लहानपणापासून. दरवर्षी हुडहुडी, दरवर्षी काढे. पिवळी पडलेली, पोट पुढे आलेलं — तिचं लग्न कुठे जमेना. तिची पानथरी केवढी आहे, ते तात्यांनी माझाच हात तिच्या पोटावर ठेवून मला दाखवलं होतं.

आता पुढचं सांगताना अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माझं सासर ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ. सहा वर्षं झाली तरी पदरात मूल नव्हतं. हे म्हणायचे, मी दुसरी करणार नाही, तुझी शपथ. आणि मी शहाणी, विश्वास ठेवून बसले! वैशाखात निरोप आला — यमूचं ठरलं, निघून ये. काय आनंद झाला मला! हे दोन दिवस आधीच कसल्याशा कामाला म्हणून कल्याणास गेलेले. मी आगगाडीतून उतरले ती जवळजवळ पळतच घरी. दारात मांडव. विचारलं, नवरदेव कुठला गं? बायका तांदूळ निवडतच राहिल्या. शेवटी तात्या बाहेर आले आणि म्हणाले, "परकी आणण्यापेक्षा घरची बरी, पोरी. तुला जाच नाही व्हायचा."

नवरा, बाप, बहीण — तिघांनी मिळून केसाने गळा कापला माझा. नवऱ्याचं एक वेळ समजतं, पुरुषाची जात. बापाचंही — पदरात आजारी पोर होती. पण यमू? जिला मी न्हाऊमाखू घातलं, जिच्या उशाशी ताप उतरेपर्यंत बसले, ती मुंडावळ्या बांधून खाली मान घालून बसलेली. तुम्ही काय केलं असतंत? मी हळदीची वाटी फिरवली. हसलेसुद्धा.

लग्नाला पंधरा दिवस झाले नि सासूबाई आम्हा दोघींना घेऊन मानपाड्याला निघाल्या. तिथे त्यांचं मूळ घर आणि कुळदेवी. नव्या सुनेने ओटी भरायची, आणि थोरलीने तिच्या शेजारी उभं राहायचं, ही रीत. रीत कसली, जखमेवर मीठ! कल्याणाहून दमणी केली होती. वाटेत खाजणाच्या बांधावर बैल बुजला, चाक घसरलं आणि दमणी कलंडली. सासूबाईंचं मनगट सुजलं, त्यांनी आकांत मांडला. माझं कोपर खरचटलं. यमू खाली सापडली होती, गाडीची कड तिच्या डाव्या कुशीवर आलेली. ती उठली, लुगडं झटकलं आणि सासूबाईंचा हात धरून बसली. गप्प. मी बघितलं ते.

मानपाड्याला पोचल्यावर ती माझ्याजवळ सरकली. म्हणाली, "अक्का, खांदा दुखतोय गं. पडले कुशीवर, आणि दुखतोय खांदा. गंमतच की नाही?" उठायला गेली तर खांबाला धरलं तिने. ओठ पांढरे. सासूबाई कितीही फटकळ असोत, घाबरल्या. म्हणाल्या, "थोरले, तू हाडवैद्याची लेक. बघ हिला. तात्यांना बोलावू का? दोन कोसांवर तर आहेत."

आता इथे — थांबा, सांगते.

मी म्हणाले, "छे हो, बेंबी सरकलीय. हिसका बसला की सरकतेच. तात्यांना कशाला उगाच?"

आमच्याकडे बेंबी सरकली की ती बसवतात. सकाळी अनशापोटी, तीन दिवस. कोमट तेल लावून पोट चांगलं रगडायचं, मग बेंबीवर पणती ठेवून वरून तांब्या पालथा घालायचा. गावात एक सुईण हे काम करायची. सासूबाईंना पटलं — का नाही पटणार? सांगणारी मी होते. यमू मरावी असं मला वाटलं होतं का? खूप वर्षं मी स्वतःला सांगितलं, नाही. दुखू दे जरा तिला, एवढंच वाटलं. पण त्यापुढचं मला दिसत होतं. तात्यांनी दाखवूनच ठेवलं होतं.

पहिल्या सकाळी सुईणीने रगडलं. यमूने पदर दातांत धरला, ओरडली नाही. दुपारी मी पेज घेऊन गेले तर जरा हुशार वाटत होती. माझा हात धरला आणि म्हणाली, "अक्का, एक बोलू? तूच मला मागून घेतलंस ना? तात्या म्हणाले, अक्काच म्हणतेय यमूलाच आणा, पण तिच्यापाशी काढू नकोस, तिला जड जाईल. म्हणून मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही गं मांडवात. माझ्यासारखीला कोण घेणार होतं?"

काय वाटलं असेल मला, सांगा! तात्यांनी दोघींनाही फसवलं होतं. तिने मला फसवलंच नव्हतं. सगळी दुपार पडली होती हो पुढे. दमणी अंगणात उभी होती, बैल दावणीला. एवढंच म्हणायचं होतं, सासूबाई, माझं चुकलं, तात्यांना बोलवा. पण मग त्या विचारणार, काल का नाही बोललीस? आणि तात्या येऊन तिच्या पोटाला हात लावणार, मग माझ्याकडे बघणार. त्या बघण्याला मी भ्याले. पेजेची वाटी उचलली आणि घासायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. पाणी मागत होती सारखी. अंग गार, घामाने चिंब, पोट फुगलेलं. तात्या आले. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग मला विचारलं, खांदा दुखतो म्हणाली होती का? मी म्हटलं, नाही. त्यांनी ते खरं मानलं. पुढे जगले तोवर खरं मानलं.

लोक म्हणतात, सवत असून थोरलीने किती केलं तिचं. मी ऐकून घेते.

पहिल्या खोट्याला रागाचं नाव देता येईल. पण दुसऱ्या सकाळी राग कुठे होता? सुईण तेल घेऊन आली तेव्हा यमू अंग चोरून भिंतीला टेकली. आज नको म्हणाली. सासूबाईंचं ऐकेना, सुईणीचं ऐकेना. मग तिने माझ्याकडे बघितलं. "अक्का, तू सांग. करून घेऊ?"

मी म्हटलं, घे करून, बरं वाटेल.

आणि ती आडवी झाली.