मूर्तिजापूरच्या पुढचा वारा

शनिवारी संध्याकाळी सायकलीत हवा भरत होते, तेव्हा अकोल्याहून मनोहरभाऊंचा फोन आला. "ताई, उद्या नका निघू तुमी. कुंदा गेली... दुपारी छातीत दुखून आलं, दवाखान्यात नेईपर्यंत सारं आटोपलं." मी "बरं" म्हणाले. बरं! अशा वेळी तोंडातून काय निघेल याचा नेम नाही. फोन ठेवला आणि राहिलेलं मागचं चाकही भरून टाकलं. जिला भेटायला जायचं तीच उरली नव्हती, आणि मी अंगठ्यानं टायर दाबून बघत होते.

कुंदाताई सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. अमरावतीला बदली होती तेव्हा माझ्या शेजारी राहायच्या. निवृत्त झाल्या आणि नवऱ्यासोबत, म्हणजे मनोहरभाऊंसोबत, अकोल्याला स्वतःच्या घरी गेल्या. मी इथंच, ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते, एकटी राहते. आई गेल्यापासून रविवार मला खायला उठायचा. एकदा फोनवर तसं बोलून गेले, तर बाई म्हणते, "सायकल घे न मंग. तू तिकून निघ, मी इकून निघतो. जिथं भेटू तिथं चहा पिऊ." मधे चांगलं शंभरेक किलोमीटर अंतर. मी म्हटलं, "ताई, डोकं ठिकाणावर आहे ना?" पन्नाशी उलटलेली मी, त्या साठीला टेकलेल्या.

पहिल्या रविवारी बडनेऱ्यापर्यंत जाऊनच माझी जीभ बाहेर आली. त्या तिकडे बोरगाव मंजूला पोचल्या होत्या. दोघींनी आपापल्या टपरीवर चहा घेतला आणि फोनवर बोलत प्यायलो. मधला सगळा रस्ता मोकळाच! मग ताईंचा हुकूम निघाला. दर पंधरा दिवसांनी दोघींनी तीन-तीन किलोमीटर वाढवायचे, एकही जास्त नाही. "भूक लागायच्या आंदी खाय, तहान लागायच्या आंदी पे. अन् पोचली का फोन कर, विसरजो नको." मला घाई फार. एकदा जोशात दहा किलोमीटर जास्त मारले आणि दोन दिवस जिना उतरताना कठडा धरून रडले. ताईंनी शिव्या घातल्या आणि मला पुन्हा मागच्या टप्प्यावर नेऊन ठेवलं. कधी उन्हाळा आडवा आला, कधी माझ्या उत्तरपत्रिका. सव्वा वर्ष लागलं. आणि एका सकाळी मूर्तिजापूरच्या अलीकडे मला लांबून त्यांची पिवळी ओढणी दिसली. दोन बाया भर हायवेवर गळ्यात पडून हसताहेत, ट्रकवाले हॉर्न वाजवताहेत... असं सगळं झालं.

त्यानंतर तीन वर्षं मूर्तिजापूरची तीच टपरी, तोच अर्धा तास. लोकांना वाटायचं आम्ही दोघी मिळून सायकल चालवतो. कुठली मिळून? सगळं अंतर एकटीनं, फक्त चहा दोघींचा. पण त्या रस्त्यावर मला कधी एकटं वाटलं नाही. दुसऱ्या टोकाकडून एक बाई आपल्याकडेच येते आहे, एवढं पुरेसं असायचं.

भेटले की माझी एकच तक्रार. थंडीचे दोन-तीन महिने सोडले तर आपल्याकडे वारा पश्चिमेचा. म्हणजे मूर्तिजापूरला जाताना मला तोंडावर, आणि ताईंना पाठीवर. मी घामाघूम होऊन पोचायची, त्या आधीच येऊन निवांत बसलेल्या. "तुमचं काय बाई, तुम्हाला वारा ढकलतो, तुम्ही नुसतं बसायचं!" मी दर वेळी टोमणा मारायची. त्या हसायच्या आणि माझ्यापुढे तिळाची चटणी-भाकर सरकवायच्या.

त्यांची एकच इच्छा होती. "एक डाव सरळ घरापरेंत ये न सायकलनं. वापस रेल्वेनं जाजो. मले तुले जेवू घालाचं आहे." मूर्तिजापूरहून अकोला आणि मूर्तिजापूरहून अमरावती जवळपास सारखंच. एरवी जाऊन-येऊन होतं तेवढंच अंतर, ते मी सहज पेलू शकत होते. पण अख्खा रस्ता वारा समोर! नको रे बाबा. मी म्हणायची, पुढच्या रविवारी. शेवटच्या रविवारी ताई जरा थकलेल्या दिसल्या. दोन चहा घेतले. म्हणाल्या, "चाल न शोभा, आज माह्यासंग. हळूहळू जाऊ." मी टपरीचं फडफडणारं प्लास्टिक बघितलं आणि म्हणाले, "एवढ्या वाऱ्यात? येड्या का काय तुमी!" आणि वळले. गाणं म्हणत घरी आले मी. गाणं म्हणत!

ताईंच्या जलदान विधीला एसटीनं गेले. घर माणसांनी भरलेलं, पुढे मांडव, खुर्च्या. मी न विचारताच मनोहरभाऊ म्हणाले, "सायकलीनं नाही झालं ताई, डॉक्टर बोलले." मला त्यांच्याकडे बघवेना. पुढचे पाच रविवार सायकल जिन्याखाली तशीच राहिली. सहाव्या रविवारी पहाटे निघाले, कोणाला न सांगता.

टपरीवर थांबले नाही. मूर्तिजापूर सोडलं आणि मग कळलं वारा काय असतो ते. निम्मी ताकद संपलेली, ऊन चढलेलं, दोन्ही बाजूंना कपाशी आडवी होत होती आणि सायकल पुढे सरकेना. कुरणखेडला उतरून पायी चालले. तिथं डोक्यात उजेड पडला. ताई दर रविवारी हाच रस्ता, अशाच थकल्या पायांनी, याच वाऱ्यात परत जायच्या. सकाळी ढकलणारा वारा परतीला त्यांच्या छातीवर असायचा, आणि मला तो अलगद घरी नेऊन सोडायचा. त्यांचा "पोचलो" असा फोन यायचा तेव्हा माझं जेवण होऊन डोळा लागलेला असायचा. मला वाटायचं, बसली असेल बाई कुठं गप्पा मारत. गणित शिकवते मी! जाणं मोजलं, येणं मोजलंच नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहून मोठ्यानं म्हणाले, "ताई, मी गाढव आहे." समोरून कोणीच येत नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा तो रस्ता मला रिकामा वाटला.

दुपारी दीडला अकोल्याला त्यांच्या फाटकाशी पोचले. मनोहरभाऊंनी दार उघडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सायकलीकडे बघितलं. व्हरांड्यात भिंतीला टेकून ताईंची सायकल होती. तिच्या शेजारची जागा मोकळी, आणि सात-आठ कुंड्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटवून ठेवलेल्या. "कुंड्या अशा का कोंबल्या भाऊ?"

"तुमच्या सायकलीसाठी," ते म्हणाले. "दर रविवारी निघायच्या आंदी कुंदा त्या बाजूले सरकवे. आज शोभा आली तर सायकल कुठं ठेवीन म्हणे. सांजच्याले पुन्हा जागच्या जागी मांडे."

"पण आज... मी तर तुम्हाला कळवलंही नव्हतं."

"रविवार आहे न," ते म्हणाले. "आता मी सरकवतो."

मी त्या जागेत सायकल लावली आणि तिथंच पायरीवर बसून राहिले. भाऊ आत ताट वाढायला गेले.