चित्रं नसलेलं मॅन्युअल

नागपुरात अंध मुलांच्या ज्या शाळेत मी संगणक शिकवते, तिथले भूगोलाचे सर स्वतः जन्मांध आहेत. मूळचे काटोलकडचे, संत्र्याच्या बागा असलेल्या घरातले. वर्गात ते नकाशा शब्दांनी काढतात, आणि मुलं परीक्षेत उत्तरं बरोबर लिहितात. शाळेत उठावाचा एक नकाशाही आहे, पण हात फिरून फिरून तो इतका झिजलाय की सह्याद्री आणि सातपुडा बोटाला सारखेच लागतात. एकदा डबा खाताना सर म्हणाले, "पोरांले 'पठार' शब्द पाठ आहे, मॅडम. पठार अजून कोणाच्या हाताले लागलं नाही."

तेव्हा मी त्यांना एका प्रोग्रॅमिंग भाषेबद्दल सांगितलं. फारशी कुणी वापरत नाही ती. तिच्यात वस्तू माऊसनं काढायची नसते, लिहायची असते. ठोकळा हवा, एवढा लांब, एवढा रुंद, एवढा उंच, असं तिच्या पद्धतीनं लिहिलं की संगणक तो ठोकळा तयार करतो आणि थ्रीडी प्रिंटर तो प्लास्टिकमध्ये उतरवतो. सरांचा संगणक पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचतो, त्यामुळे लिहिणं-वाचणं त्यांना अवघड नव्हतं. त्याच दुपारी ते भाषेचं मॅन्युअल उघडून बसले.

अडचण मॅन्युअलची होती. दर दोन ओळींनी 'बाजूच्या आकृतीत दिसते तसे' असं यायचं, आणि आकृती आली की संगणकाचा आवाज नुसता 'इमेज' म्हणून पुढं जायचा. व्हिडिओंची गत त्याहून वाईट. सगळे 'हे इथं घ्या, ते तिथं लावा' म्हणत बोट दाखवणारे. मग काही दिवस मी शेजारी बसून चित्रं वर्णन करून सांगू लागले. मला वाटलं, बरं चाललंय. पण सरांनी एक दिवस मला थांबवलं. "तुम्ही चांगलं सांगून राहिल्या," ते शांतपणे म्हणाले, "पण त्यात शिकणं तुमचं होऊन राहिलं. मले माझं पाहिजे."

त्यानंतर ते एकटेच शोधू लागले. मोकळा तास मिळाला की कानाला इअरफोन लावून संगणकाच्या खोलीत. मी असते तर केव्हाच सोडून दिलं असतं. एका सकाळी त्यांनी मला बोलावलं, इअरफोन काढला आणि आवाज मोठा केला. इंग्रजीतलं एक साधंसं पान होतं. सुरुवातच अशी होती: दोन्ही हात टेबलावर ठेवा. डावीकडून उजवीकडं जाणारा आकडा पहिला. छातीपासून दूर जाणारा दुसरा. टेबलावरून वर जाणारा तिसरा.

पुढं ठोकळ्याला भोक पाडायचं होतं, तर मळलेल्या कणकेत वाटी दाबून गोल कापून काढावा तसं, असं समजावलं होतं. प्रत्येक उदाहरणानंतर, ही वस्तू हातात घेतली तर बोटाला काय लागेल, तेही लिहिलेलं. चित्र एकही नव्हतं. सरांनी ते पान पुन्हा पहिल्यापासून लावलं. मी इतकी वर्षं संगणक शिकवते, पण शिकणाऱ्याच्या इतक्या जवळ येऊन बसलेलं लिखाण मी पाहिलं नव्हतं.

आपण अंध असल्याचं सांगून सरांनी पानाखालच्या पत्त्यावर आभाराची मेल पाठवली. उत्तर आलं. लिहिणाऱ्या बाई दूरच्या एका बेटावरच्या, शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडं इंटरनेट इतकं मंद, की चित्रं उघडतच नसत, म्हणून त्यांनी ती घातलीच नव्हती. अंध वाचक त्यांच्या कधी ध्यानातही आला नव्हता. आता तो भेटलाच आहे, तर तुम्ही कुठं कुठं अडलात ते मला कळवा, असं त्यांनी लिहिलं होतं. सरांनी कळवलं, की एका धड्यात तुम्ही 'तांबडा भाग' म्हणता, तो मला कसा कळणार? पुढच्या वेळी पान उघडलं तर तिथं 'तुम्ही आधी बनवलेला भाग' असं झालं होतं. सर बराच वेळ हसत होते.

मग त्यांनी महाराष्ट्र लिहायला घेतला. समुद्रापासून आपल्या नागपूरपर्यंत, पश्चिमेकडून पूर्वेकडं जाणारी एक रुंद पट्टी. पहिली पट्टी त्यांनी अगदी खऱ्या प्रमाणात लिहिली. मी ती सीताबर्डीतल्या एका दुकानातून छापून आणली. सरांनी तळवा फिरवला. भाकरीसारखी सपाट होती. "खरं माप लावलं तर सह्याद्रीच गायब," ते म्हणाले. मग दुसऱ्या पट्टीत त्यांनी उंची वाढवली, ती इतकी की सह्याद्रीची धार बोटाला टोचू लागली. तिसरी पट्टी जमली. ती मुलांच्या हातात देण्याआधी त्यांनी बजावलं, की यातली उंची मी मुद्दाम वाढवली आहे, डोंगर खरंच एवढे उंच आहेत असं समजू नका.

आठवीचा वर्ग होता. पट्टी हातोहात फिरली. एका मुलीनं समुद्राकडून बोट आणलं, कोकण ओलांडलं, सरळ चढली, आणि माथ्यावरून पुढं बोट हळूहळू उतरत, उतरत आमच्यापर्यंत आलं. तिनं बोट पुन्हा मागं नेलं आणि माथ्यावर टेकवलं. मग म्हणाली, "सर, गोदावरी एवढ्या जवळचा समुद्र सोडून इकडं काहून येते, ते आता समजलं. उतार इकडंच आहे ना."

सरांनी तिचा हात धरून पट्टीच्या पूर्वेच्या टोकापलीकडं, टेबलावर, लांबपर्यंत नेला. तिथं पुढं बंगालचा उपसागर, असं सांगितलं.

आता सर त्या बाईंच्या परवानगीनं ती पानं मराठीत लिहून राहिलेत. धडा तयार झाला की तो आधी आठवीतल्या मुलांकडं जातो, आणि कुठं अडलात, हे ते स्वतः एकेकाला विचारतात. काल एकानं सांगितलं, की 'छातीपासून दूर' म्हणजे वर का पुढं, ते कळलं नाही. सरांनी ती ओळ लगेच बदलायला घेतली.