बारावी टाचणी

माझ्या घड्याळांच्या दुकानासमोर शिवणकाम करणाऱ्या एक ताई राहायच्या. लोक तोंडात मिठाची गुळणी धरतात, या बाईंनी टाचण्यांची धरली होती. मशीनवर बसताना मोजून बारा टाचण्या ओठांत, त्या फक्त जेवायला काढायच्या. गिऱ्हाइकाशी बोलणं मानेनं, पोरीशी भुवयांनी. नवरा गेला त्या आठवड्यातही कॉलरी शिवत होत्या, म्हणजे बघा.

पोर चार वर्षांची. मशीनखाली चिंध्यांत खेळायची. पडली, खरचटलं, की आधी आईच्या तोंडाकडे बघायची. तिथे काही हललं नाही की हिचंही रडू आतल्या आत. मी आपला कौतुकानं म्हणायचो, "ताई, पोर काय गुणाची हो. आमची कार्टी शिंक आली तरी गल्ली गोळा करतात." आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

एका संध्याकाळी ताई दुकानात आल्या. तोंड रिकामं.

"भाऊ, टाचण्या अकराच भरतात."

"पडली असेल कुठे. चला, लोहचुंबक फिरवू."

फरशी, चिंध्या, मशीनचं पायडल, सगळं पालथं घातलं. पोर भिंतीला टेकून उभी होती. दुपारपासून तिनं घोटभर पाणीही घेतलं नव्हतं. ओठ थेट आईसारखे आवळलेले. ते बघितलं आणि मी तिच्यासमोर वाकलो.

"बाळ, तू तोंडात धरली होतीस का गं?"

तिनं आईकडे पाहिलं. आईचा चेहरा पाटीसारखा कोरा. पोरही कोरी.

"ताई, रागवा, रडा, काहीतरी करा. ती तुमच्याकडे बघतेय."

"मला येत नाही, भाऊ."

एवढं बोलून त्या पोरीसमोर खाली बसल्या. हनुवटी थरथरली, मग सगळा चेहराच. गंजलेली कडी निघावी तसा घशातून आवाज आला. पोर आधी घाबरून मागे सरकली. मग तिचंही तोंड वाकडं झालं, आणि तिनं गळ्यावर बोट ठेवलं.

"इथे टोचते, आई."

दवाखान्यात टाचणी निघाली. वेळेत निघाली, असं डॉक्टर म्हणाले.

परवा तीच पोर स्वतःचं तान्हं दाखवायला आली होती. बाळ टक लावून तिच्या तोंडाकडे बघत होतं.

"अजिबात त्रास देत नाही बघा, काका," ती म्हणाली. "रडतच नाही."

या खेपेला मी कौतुक केलं नाही.