मिस्तरींची वेसण

दूध चुलीवर ठेवून मी शोभाची वेणी घालत होते, तोच दार वाजलं. आमच्या कारखान्याचे कडू मिस्तरी. त्यांना बसवून आत येईतो दूध उतू जाऊन करपलं. घरभर वास. शोभानं नाक दाबलं. मिस्तरी त्याच दुधाचा चहा बशीत ओतून प्यायले नि म्हणाले, "झकास झाला, बाई."

आमच्या ह्यांनी सत्तेचाळीस साली सायकलच्या दांड्यांना क्रोमचा मुलामा द्यायचं काम काढलं, तेव्हापासून मुलाम्याच्या रसायनाच्या हौदावर नजर कडूंची. करंट किती सोडायचा, दांडा कधी उचलायचा, सगळं त्यांच्या शब्दावर. उचललेल्या दांड्यात ते स्वतःचं तोंड बघत. नाक सरळ दिसलं की माल पास.

हौदातून पिवळी वाफ उठते. चार माणसं आलटूनपालटून वाकत, कडू दिवसभर. तिसऱ्या वर्षी त्यांच्या दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला आरपार भोक पडलं. वास गेला, चवही गेली. डॉक्टर म्हणाले, हौदापासून लांब राहा. आमचे हे म्हणाले, "मग हौद कोण पाहील?"

पुढं त्या भोकाची गंमत झाली. पाहुणा आला की ह्यांची हाक, "मिस्तरी, जरा वेसण दाखवा!" तांब्याची तार एका नाकपुडीतून आत, दुसरीतून बाहेर. मग दोन्ही टोकं धरून आमचे हे ओढत, "चल रे ढवळ्या!" पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीसुद्धा हसले होते.

गेल्या साली राज्य बदललं. नागपूर मराठी मुलखाकडे गेलं, आपण इकडे हिंदी राज्यात राहिलो, नि भोपाळहून नवे साहेब तपासणीला आले. कडू त्या दिवशी दाढी करून आले होते. वाफेचं सांगायचं होतं. तोंड उघडायच्या आतच हाक आली. साहेब डोळ्यांत पाणी येईतो हसले. "एक बार और," म्हणाले.

"मालक निघाले का?" आज चहा पिता पिता कडूंनी विचारलं.

"मघाशीच. का हो?"

"पोरीचं, कमलचं लग्न जमलं, बाई. तुकईथडचे लोक आहेत. केळीचा बाग आहे त्यांचा."

"अगबाई! नि हात हलवत आलात? पेढे कुठायत?"

ते हसले नाहीत. "सोयरे परवा कारखाना पाहायला येऊन राहिले. मिस्तरी मिस्तरी म्हणता, तर एक बार बघू द्या, म्हणतात."

"मग बरंच की."

"मालकांना काल बोललो. म्हणाले, वेसण दाखवू त्यांना. शेतकरी माणसं, बैलाची पारख असेल."

"मग परवा रजाच घ्या ना."

"ते मलेच तर पाहायला येऊन राहिले." कडूंनी बशी पालथी घातली. "पोरीला जन्म काढायचाय तिथं. बैलाची पोर म्हणतील तिला."

"मी काय करू, सांगा."

"मालकांना एवढंच सांगा, बाई. परवाचा एक दिवस माझ्या नाकात तार घालू नका."