तीन घड्यांची सुतळी

"ताई, मिलिंदभाऊले मशीन लागली…" शेजारच्या बाईचा फोन आला तेव्हा मी हिंगण्याहून कंपनीच्या बसनं परत येत होते. लागली म्हणजे बोट कापलं असेल, असंच वाटलं मला. सक्करदऱ्याला पोचले तर मिलिंदच्या गल्लीत तोडलेला आडवा कडुलिंब, बुंध्याशी कोणीतरी माती टाकलेली, आणि माझ्याशी नजर मिळवायला कोणी तयार नाही. माझा धाकटा भाऊ गेला होता.

मिलिंदचं झाडं कापायच्या मशीनचं दुकान. काटोलकडचे लोक संत्र्याची वाळकी झाडं काढायला मशीन न्यायचे, आणि चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी प्रत्येकाला सगळ्यात लांबच हवी असायची. "मिशी अन् पट्टी, दोन्ही लांबच लागतात यायले," मिलिंद म्हणायचा. तो आधी सुतळी मागायचा. झाडाला गुंडाळून मापलेली सुतळी आणा, नाहीतर चालू पडा! तिच्या तीन सारख्या घड्या केल्या की बुंध्याची जाडी कळते. पट्टी त्याहून थोडी लांब घ्यायची आणि चेन त्या पट्टीच्या मापाची. पण त्याआधी मशीनचा दम पाहायचा. लहान मशीनला लांब पट्टी चढवली की चेन अडकते, टोक उसळून अंगावर येतं. हे ऐकून ऐकून गिऱ्हाईकं कंटाळायची. एक जण तर भडकलाच, "पैसे मी देऊन राहिलो ना गा, मंग तुले काहून त्रास?" मिलिंदनं शांतपणे विचारलं, "घरी कोण कोण हाय तुह्या?" तो गप लहान पट्टी घेऊन गेला. तेव्हापासून हा प्रश्न मिलिंदच्या तोंडी बसला. मी चिडवायची, "दुकान चालवून राहिला का सोयरिकी जुळवून राहिला गा?"

त्या दिवशी वादळात लिंब पडला तो शेजारच्या टिनाच्या खोलीवर. आत एक म्हातारा अडकून ओरडत होता. पलीकडून भिंत, त्यामुळे दोन्ही बाजूंनी थोडं थोडं कापायची सोय नव्हती. मोठी मशीन भाड्यानं गेलेली. मिलिंदनं लहान मशीनला दुकानातली सगळ्यात लांब पट्टी लावली. बुंधा तुटायला थोडाच राहिला असताना टोक आतल्या फांदीला लागलं, आणि मशीन उसळून त्याच्या मानेवर आली… उरलेलं लोकांनी कुऱ्हाडीनं तोडलं. म्हातारा वाचला. बरं झालं, असं म्हणायला हवं. माझ्या तोंडून अजून निघत नाही.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाला आलेले लोक कुजबुजत होते, "दुनियेले शिकवलं अन् सोताच घाईत विसरला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मिलिंदची बायको सुनंदा त्याच शब्दाला धरून बसली होती. जेवणं उरकल्यावर जवळ येऊन म्हणाली, "ताई, विसरलेच असतील ना हो ते?" ती काय विचारत होती ते मला कळलं. विसरला असेल तर तो अपघात. आठवत असेल, तर त्या क्षणी त्यानं म्हाताऱ्याला धरलं आणि हिला सोडलं.

"हो वं," मी म्हटलं, "विसरला."

मग तिनं दवाखान्यातून दिलेली त्याच्या कपड्यांची पिशवी पहिल्यांदा उघडली. सदऱ्याच्या खिशात दुकानाच्या किल्ल्या होत्या, आणि सुतळी. रक्तानं कडक झालेली, तीन घड्यांची. म्हातारा ओरडत असताना त्यानं लिंब मापला होता. हातात कोणती मशीन आहे हे असा माणूस विसरत नाही.

"त्यायले आठवत होतं," सुनंदा म्हणाली. "घरी कोण कोण हाय, तेबी."

मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिनं मला ढकललं.

दुकान आता तीच चालवते. परवा मी तिथे बसलेली असताना काटोलचा एक जण लांब पट्टीसाठी हुज्जत घालत होता. घरी कोण आहे, हे ती कोणालाच विचारत नाही. तिनं त्याच्या सुतळीच्या तीन घड्या केल्या आणि लहान पट्टी पुढे सरकवली. मिलिंदची सुतळी तिच्या डोक्यामागे खिळ्याला आहे. त्या सुतळीच्या घड्या ती कोणाला उलगडू देत नाही.