राजाचा हुकूम पाळणारा सज्जन

मंडळी, आज बरकतपुऱ्यात आमच्या घरी फँटसी गेम रंगला होता, म्हणजे एकेक पात्र घेऊन राजा-सरदारांची गोष्ट खेळायची. त्यात प्रत्येक पात्राचा स्वभाव आधीच ठरवतात. माझ्या मामेबहिणीचा, रेवाचा, सरदार होता ‘कायदा पाळणारा सज्जन’.

राजाचा हुकूम आला, नदीपलीकडून येऊन राहिलेल्या लोकांना गावाबाहेर काढा. सरदारानं मुकाट्यानं काढलं.

गेम मी चालवत होतो. म्हटलं, "रेवा, नियमानं तुझा सरदार आता सज्जन राहिला नाही."

ती रडवेली झाली. "आंध्र आणि आपलं राज्य वेगळं झाल्यापासून बाबा सरकारी ऑफिसात सोबत काम करणाऱ्यांना आंध्रात पाठवायच्या ऑर्डरी काढतात. घरी येऊन धड जेवत नाहीत. ते पण वाईट क्या रे?"

मामा किती भला माणूस आहे, मला ठाऊक आहे. पण ज्यांना जावं लागतंय, त्यांचं काय?

सरदाराचा स्वभाव मी अजून बदललेला नाही. तुम्ही बदलला असता?