गोठ्याच्या भिंतीवरचा बैल

हे लिहायचं मी आजवर टाळत आलो. आमचा बैल जनावरांच्या छावणीत मेला, असंच गाव समजतं. तसं मीच सांगितलं होतं. खरं म्हणजे तो मी विकला.

माझा थोरला भाऊ जन्मापासून बहिरा. चित्रं काढायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं. कंदिलाची काजळी, गेरू, पांढरी माती आणि बाभळीचा डिंक यांतून तो रंग करायचा; तुराटीला शेळीचे केस बांधले की कुंचला. पोळ्याला गावातल्या बैलांची शिंगं तोच रंगवायचा. वासरापासून वाढवलेला स्वतःचा बैल सगळ्यांत शेवटी, सावकाश.

बहात्तरच्या दुष्काळात वैरण संपली. भाऊ खडी फोडायला गेला असताना मी बैल घोडेगावच्या बाजारात नेला. घेणारा शेतकरी नव्हता, हे मला दिसत होतं. संध्याकाळी भावाने रिकामं दावं माझ्यापुढे धरलं. मी छावणीच्या दिशेला हात केला, मग बोटं तोंडाशी नेऊन चरत असल्याची खूण केली. त्याला पटलं.

पोळ्याला तो रंगांच्या करवंट्या घेऊन पायी छावणीत गेला. दिवस मावळताना परतला. रंग तसेच होते. मग मी घरी आणि गावात सांगितलं, बैल छावणीत मेला.

दुसऱ्या दिवसापासून कामावरून आला की तो गोठ्याच्या भिंतीला भिडायचा. रंग कालवायला पाणी नव्हतं, तर आपल्या पिण्यातलं घ्यायचा. डोळा मनासारखा होईना, तो पुसून पुन्हा काढायचा.

शेजारचा म्हातारा म्हणाला, "आता ह्या भिताडाला वैरन कोन घालनार रं?"

"ह्यो पानी बी मागत न्हाई," आई म्हणाली. "लई गुनाचा हाय."

शेवटी बैल पुरा झाला, रंगवलेल्या शिंगांसकट. पोळा होऊन गेला होता, तरी आईने रेशनच्या मिलो ज्वारीची भाकरी त्याच्या तोंडापुढे धरली. भाऊ माझ्याकडे वळला. छावणीच्या दिशेला हात केला, बोटं तोंडाशी नेली. माझीच खूण; बैल खरंच तिथे चरत होता का, असं तो विचारत होता. मी होकारार्थी मान हलवली.

पुढे दर पोळ्याआधी तो बैल नव्याने रंगवायचा, हात थरथरू लागले तरी. डिंक मी भिजवून द्यायचो.

आमच्या घरात चूक कबूल करताना स्वतःचे कान धरायचे. ही खूण त्याला लहानपणापासून ठाऊक होती. त्याच्या शेवटच्या पोळ्याला मी त्याच्यासमोर बसलो, दोन्ही हात कानांपर्यंत नेले आणि टोपी सारखी केली.